बाहेरून कडी

मला झोप फार. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला मोठी समाजसेविका वगैरे समजायला नको. भिलाईत कारखान्याचा भोंगा झाला की अख्खं सेक्टर जागं व्हायचं, सायकलींची रांग लागायची, आणि मी कूस बदलायची. बाबा टाइम ऑफिसात क्लार्क होते. ते म्हणायचे, "हे पोरगी उभ्यानं झोपते. कोणाच्या घरी देणार हिले?" बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात मी नापास झाले होते, घरात बसून होते, आणि स्थळं बघणं चालू होतं. अशा मुलीला देवानं काम दिलं ते काय, तर लेकरांना झोपवायचं. आई म्हणाली, "बरं झालं, तुले येते तेच काम भेटलं."

आमच्या सेक्टरच्या टोकाला, रिसालीच्या बाजूला, एक रिकामं क्वार्टर आमच्या मराठी महिला मंडळाला मिळालं होतं. त्याच्यापलीकडे मोकळं रान आणि रानात बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्या. तेव्हा भिलाई वाढतच होती, दर वर्षी कुठे ना कुठे पाया खणलेला असायचा. डोक्यावर घमेली वाहणाऱ्या बायांना इथे रेजा म्हणतात. त्या रेजा सकाळी साइटवर गेल्या की त्यांची लेकरं कुठे असतात, हा प्रश्न आमच्या मंडळाला कधी पडला नव्हता. पडला तो सरकारला. लहान मुलं दिवसभर बेवारशी राहू नयेत, त्यांची हेळसांड होऊ नये म्हणून पाळणाघर चालवणाऱ्यांना अनुदान द्यायची एक योजना निघाली होती. दूध पावडर, दलिया, चटया, एक दाई आणि एक बालसेविका. ती बालसेविका म्हणजे मी.

छत्तीसगड तेव्हा वेगळं झालेलं नव्हतं, सगळे कागद भोपाळला जायचे. आमच्या घरात भोपाळ हे गावाचं नाव राहिलंच नव्हतं. वर आकाशात कुठेतरी भोपाळ आहे, खालून अर्ज जातो आणि वरून उत्तर येतं किंवा येत नाही, असं मला वाटायचं. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण मी शाळेत शिकले होते. पाळणाघरात ती मला पाठ झाली.

अर्ज माझ्याच हातचा होता, अक्षर चांगलं म्हणून. अध्यक्षीणबाईंनी सांगितलं आणि मी लिहिलं. त्या एका मोठ्या इंजिनिअरसाहेबांच्या बायको, मूळच्या नागपूरच्या, हिंदी फार सुरेख. "उपेक्षित बालक" असं त्यांनी तीन ठिकाणी लिहायला लावलं, कारण योजनेच्या कागदात तसं होतं. मी लिहिताना मनात चित्र काढत होते. उपेक्षित म्हणजे ज्याच्यावर आईची माया नाही असं मूल, शेंबडं, रडकं. असं एकही मूल मी तोवर जवळून पाहिलेलं नव्हतं, पण तीनदा लिहून टाकलं.

अनुदान मंजूर झालं. मग पंचाईत अशी की चटया आल्या, दाई आली, दलियाची पोती आली आणि लेकरं येईनात. म्हणून दाई आणि मी झोपड्यांमधून फिरायला निघालो. दाई पन्नाशीची, इथलीच छत्तीसगढी, अंगावर गोंदलेलं, पायात चांदीचे जाड तोडे. उन्हाळा सुरू होत होता. झोपड्यांमध्ये चिटपाखरू नव्हतं, एक कोंबडी तेवढी फिरत होती. एका दाराला कुलूप होतं आणि त्या दाराच्या खालच्या फटीतून चार बोटं बाहेर आली होती.

मी घाबरून मागे सरले. दाई मात्र खाली बसली आणि त्या बोटांना आपलं बोट लावलं. आतून कुणी रडलं नाही, हाक मारली नाही. बोटं नुसती हलली.

माझा राग माझ्या नाकावर. मी तिथेच बसून राहिले, संध्याकाळपर्यंत. म्हटलं, येऊ दे त्या बाईला, अशी झाडते. आली ती. माझ्यापेक्षा फार तर पाच वर्षांनी मोठी असेल. केसांत सिमेंट. कमरेच्या दोऱ्याला बांधलेली किल्ली काढून तिनं कुलूप उघडलं, तशी आतली चार वर्षांची पोरगी तिच्या पायाला बिलगली. आणि मी काय बोलायचं ठरवलं होतं ते सगळं बोलले, अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत. लाज नाही वाटत का, आई आहेस की कोण आहेस, हे सगळं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग पोरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "एक झन ला पानी के गड्ढा म गंवा डारेंव, दीदी. ये ह बंद रहिथे, त जियत तो रहिथे."

दाईनं मला ते समजावून सांगायची गरज नव्हती. पहिलं मूल साइटवरच्या पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात गेलं होतं. दुसरं बंद राहतं, म्हणून जिवंत राहतं. मला घरी जाताना रस्ता दिसेना इतकं रडू आलं. कुलूप हीच त्या बाईची माया होती, आणि मी तिला तीनदा उपेक्षा असं लिहून भोपाळला पाठवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपण होऊन पोरीला घेऊन आली.

पाळणाघराच्या दुपारी मला अजून दिसतात. डोळे मिटले की त्याच आधी येतात. बाहेर ऊन इतकं पांढरं की कण्हेराची फुलंसुद्धा दिसत नसत. आत खिडक्यांना वाळ्याचे पडदे, त्यांवर दाई पाणी मारायची. चटयांवर पंचवीस-तीस लेकरं, कुणाचा पाय कुणाच्या पोटावर. पंखा टक टक करायचा. दलियाचा आणि ओल्या वाळ्याचा वास एकमेकांत मिसळायचा आणि लांबून कारखान्याचा तो कधीच न थांबणारा आवाज यायचा, जो भिलाईत राहणाऱ्याला फक्त झोपेच्या काठावर ऐकू येतो. एकेक डोळा मिटत जायचा. मी कुणाला थोपटत थोपटत स्वतःच पेंगायची, आणि मग मला कळायचं नाही की मी झोपवतेय की मला कुणी झोपवतंय.

फक्त ती कुलपातली पोरगी झोपायची नाही. उठून दारापाशी जायची आणि उभी राहायची. रडणं नाही, हट्ट नाही. दाराकडे बघत उभी. मी उचलून आणलं की परत तिथेच. आठ दिवस असं चाललं. डोळे तांबडे व्हायचे, उभ्या उभ्या डुलायची, पण पडायची नाही. उभ्यानं झोपण्यात मी स्वतःला उस्ताद समजत होते, ती माझ्यापुढे गेली. शेवटी एकदा दाईनं तिला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "बाहिर ले लगा दे, तब सुतहूं."

बाहेरून लाव, मग झोपते.

मी म्हटलं, नाही. आपण कशासाठी पाळणाघर काढलंय? कुलपातून काढण्यासाठीच ना? मग आपणच कडी लावायची? दाईनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अजून शिकायची बाकी आहे. ती पुढच्या दारानं बाहेर गेली, दार ओढलं, कडी खण्णकन कोयंड्यात पाडली आणि बाहेरून काहीतरी म्हणाली. मग घराला वळसा घालून स्वयंपाकघराच्या दारानं आत आली. तोवर पोरगी चटईवर आडवी झाली होती. तिचा श्वास जड झाला होता.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः कडी लावली. पण ती झोपली नाही. आतून तिचे पाय दाराच्या फटीत दिसत होते, उभेच. मी परत कडी वाजवली. तरी नाही. तेव्हा दाईनं हसत सांगितलं की नुसत्या कडीनं भागत नाही, शब्दही लागतात. सकाळी कुलूप लावताना तिची आई जे म्हणते ते. मी आपलं मराठीत म्हणून बघितलं, "संध्याकाळी येते हं बाळा." आतले पाय हलले नाहीत. मग दाईनं माझ्याकडून घोकून घेतलं आणि मी दाराला तोंड लावून म्हटलं, "रोबे झन, संझा आहूं."

रडू नको, संध्याकाळी येईन. पाय दारापासून दूर गेले.

तेव्हापासून तो रोजचा रिवाज झाला. दुपारचं खाणं झालं, तोंडं पुसली, चटया घातल्या की मी बाहेर जायची, कडी लावायची, ते शब्द म्हणायची आणि उन्हातून घराला वळसा घालून मागच्या दारानं आत यायची. तिला मागचं दार माहीत होतं. मी पाच मिनिटांत तिच्या शेजारी येऊन बसते हेही माहीत होतं. तिला त्याचं काही नव्हतं. तिला फक्त कुणीतरी दार लावून, परत यायचं कबूल करून जायला हवं होतं. पुढे पुढे मलाही कडीचा आवाज झाल्याशिवाय पेंग येईना. संध्याकाळी तिची आई येऊन न्यायची, आणि जाताना रोज दाराच्या चौकटीला हात लावून नमस्कार करायची, देवळातून निघाल्यासारखा. मला फार संकोच व्हायचा.

वर्ष होत आलं आणि भोपाळहून पत्र आलं. अनुदान पुढे चालू ठेवायचं की नाही हे ठरवायला एक तपासणी अधिकारी बाई येणार होत्या.

आता आमच्या विदर्भातल्या बायकांचं एक आहे. पाहुणा येणार म्हटलं की आधी घर धुवायचं, मग घरातली माणसं धुवायची. मंडळाची बैठक भरली ती तपासणीची कमी आणि लग्नघरची जास्त वाटत होती. कुणी पडदे आणले, कुणी फुलदाणी. घराघरांतून लहान झालेले फ्रॉक, चड्ड्या, रिबिनी निघाल्या. फराळाला सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, करायची ठरली, ती आईच्या हातची. दारावर काही मुलांच्या शेंबडाचे डाग होते, तिथे रंग मारायचं ठरलं. आणि रंग मारताना अध्यक्षीणबाईंचं लक्ष बाहेरच्या कडीकडे गेलं.

"ही कडी काढून टाका," त्या म्हणाल्या. "त्या बाईनं पाहिली तर म्हणेल, लेकराईले कोंडून ठेवतात."

मी म्हटलं, "पण त्या पोरीले कडीशिवाय झोप नाही येत."

"दोन दिवसानं काय होते? अन् हे पहा, कुलपाचं, झोपडीचं काही बोलू नको तिच्यासमोर. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मेंटेनन्सच्या सुतारानं कडी, कोयंडा दोन्ही काढले, भोकं लांबी भरून बुजवली आणि वरून हिरवा रंग मारला. खरं सांगायचं तर मला त्यांचं पटलं होतं. कडी दिसायला वाईटच दिसते. पोरगी दोन दिवस झोपली नाही, दारापाशी उभी राहून रंगलेल्या भोकांवरून बोट फिरवत होती, आणि मी म्हटलं, दोन दिवसांनी काय होतं.

तपासणीच्या दिवशी सकाळी सहापासून आम्ही अंगणात आंघोळी घातल्या. एकेक लेकरू घासून काढलं. डोक्याला तेल, दोन वेण्या, लाल रिबिनी, पावडर. मी स्वतः अकरा पोरींच्या वेण्या घातल्या आणि घालताना गुणगुणत होते. दारात रांगोळी काढली. लेकरं इतकी गोंडस दिसायला लागली की आम्ही एकमेकींकडे बघून हसत होतो. दाई एवढी हसत नव्हती.

बाई दुर्ग स्टेशनवरून सरळच आल्या. रात्रभर गाडीत बसल्याच्या खुणा चेहऱ्यावर होत्या. सुती साडी, हातात अॅटॅची, अॅटॅचीला साखळी आणि छोटंसं कुलूप, गाडीत बाकाखाली बांधून ठेवतात तसं. लेकरांनी स्वागतगीत म्हटलं. बाईंनी सांबारवडी खाल्ली, चांगली आहे म्हणाल्या. मग हजेरीचं रजिस्टर घेतलं, लेकरांकडे पाहिलं, परत रजिस्टरकडे पाहिलं.

"ये रेजाओं के बच्चे हैं?"

"जी," अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

"लगते तो नहीं."

बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला आणि अगदी शांतपणे विचारलं, की तुम्ही आपल्या घरची मुलं तर आणून बसवली नाहीत ना. बऱ्याच ठिकाणी असं करतात, म्हणाल्या. आणि ही खरंच मजुरांची असतील, तर इथे सगळं इतकं छान आहे की मदतीची गरज दिसत नाही. त्यांच्याकडे यादी मोठी आहे आणि पैसा थोडा. जिथे गरज जास्त तिथे द्यावा लागेल.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, ते असं. अध्यक्षीणबाईंचा चेहरा उतरला. आईच्या हातात वडीची दुसरी बशी होती, ती तशीच धरून ती म्हणाली, "अवो बाई, आमी तं फक्त आंघोळी घातल्या!" मराठीत म्हणाली. बाईंना कळलं नाही, आणि हिंदीत सांगायचं भान कुणाला राहिलं नाही.

मला राग आला. बाईंचा नाही, माझा. सकाळभर गुणगुणत मी त्या लेकरांची गरज पुसून काढली होती. आता उद्यापासून ही दारं बंद, आणि तिकडे रानात ते दुसरं दार बंद.

झोपायची वेळ झाली होती. तपासणी असो नसो, लेकरांचे डोळे मिटायला लागले. दाईनं चटया घातल्या. पावडर लावलेली, रिबिनी बांधलेली लेकरं एकेक करून आडवी झाली आणि पंख्याखाली त्यांच्या रिबिनी हलत राहिल्या. बाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून काहीतरी लिहीत होत्या. पेनाचा आवाज येत होता. आम्ही सगळ्या भिंतीला टेकून उभ्या. आणि ती उठली. निळा फ्रॉक, तिच्या मापाला मोठा. नेहमीप्रमाणे दारापाशी गेली, भोकांवर बोट फिरवलं, मग वळून खोलीभर नजर टाकली. तिला बाईंची अॅटॅची दिसली.

ती तिथे जाऊन बसली आणि ते छोटं कुलूप हातात घेऊन बघू लागली. मग बाईंच्या गुडघ्याला हात लावला आणि म्हणाली, "बाहिर ले लगा दे, तब सुतहूं."

"क्या कह रही है?" बाईंनी विचारलं.

"कुछ नहीं, खेलती है," अध्यक्षीणबाई पटकन म्हणाल्या.

मी म्हटलं, "खेलती नहीं." माझा आवाज मलाच मोठा वाटला, एक-दोन लेकरं हलली. मग मी हळू आवाजात सगळं सांगितलं. माझं हिंदी अध्यक्षीणबाईंसारखं नव्हतं, चुकत चुकत सांगितलं. दाराच्या फटीतली बोटं, कमरेची किल्ली, पाण्याचा खड्डा, बंद राहते म्हणून जिवंत राहते. ही कडीशिवाय झोपत नाही, आणि कडी आम्ही तुमच्यासाठी काढली. अध्यक्षीणबाई माझ्याकडे पाहत नव्हत्या. त्यांनी डोळ्यांना पदर लावला होता.

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. साखळीतून कुलूप सोडवलं, किल्ली घेतली, पोरीला हाताला धरून तिच्या चटईवर नेऊन बसवलं आणि दाराबाहेर गेल्या. मीही मागोमाग गेले. त्यांनी दार ओढून घेतलं. लावायला काही नव्हतंच, तेव्हा त्यांनी ते कुलूप लाकडाला टेकवून दाबलं. टक्. किल्लीनं उघडलं आणि परत दाबलं. टक्.

दाराच्या फटीत पाय दिसत होते. उभेच.

"शब्द भी बोलना पड़ता है," मी म्हटलं, आणि शब्द सांगितले. बाई खाली वाकल्या. पांढऱ्या केसांची, चष्म्याची, सरकारी बाई, दाराला तोंड लावून त्यांच्या शहरी हिंदीच्या उच्चारात म्हणाली, "रोबे झन, संझा आहूं."

पाय गेले.

मी सवयीनं घराला वळसा घालून मागून आत आले. पोरगी झोपली होती, दोन दिवसांची झोप एकदम. बाई मात्र आल्या नाहीत. बऱ्याच वेळानं मी पुढे जाऊन पाहिलं, तर त्या पायरीवर उन्हातच बसल्या होत्या, कुलूप हातात. मी आत चला म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, "उसको बोला है ना, शाम को आऊँगी. वो उठ जाए, फिर जाऊँगी." त्यांची परतीची गाडी संध्याकाळची होती. पोरगी उठेपर्यंत त्या बसल्या, आणि ती उठल्यावर तिला दिसून मगच गेल्या.

त्यांनी अहवालात काय लिहिलं ते मला कधी कळलं नाही. पाऊस आला, गेला, पत्र नाही. त्या काळात पाळणाघर आमच्या स्वयंपाकघरांवर चाललं, आणि कडीऐवजी मी घरचं एक कुलूप दाराला टेकवून टक् करायची. एकेका घरून रोज खिचडी यायची, आणि सगळ्यांत मोठं पातेलं अध्यक्षीणबाईंकडून. त्या ते स्वतः रिक्षात मांडीवर घेऊन यायच्या. पोरीची आई रोज संध्याकाळी विचारायची, "कागज आइस का, दीदी?" मी मान हलवून नाही म्हणायची आणि ती कमरेच्या किल्लीवर नकळत हात ठेवायची. ती किल्ली तिनं अजून सोडली नव्हती. मला रात्री जेवण जात नसे, आणि माझ्यासारख्या मुलीची झोपसुद्धा तेव्हा कमी झाली होती.

दिवाळीनंतर कागद आला. अनुदान चालू. सगळं टाइप केलेलं, नेहमीचं कोरडं. फक्त शेवटी शाईनं एक ओळ लिहिली होती. दरवाज्याची कडी परत बसवली किंवा नाही ते कळवावे. अध्यक्षीणबाईंनी ती ओळ मला दोनदा वाचायला लावली. मग सुताराला बोलावलं. तो म्हणाला, "आप लोग पहले पक्का कर लो, लगाना है कि निकालना है." त्या संध्याकाळी पोरीच्या आईनं कागद हातात घेऊन पाहिला. वाचता येत नव्हतं, नुसतं वरच्या शिक्क्यावरून बोट फिरवलं. दुसऱ्या दिवशी तिच्या कमरेला किल्ली नव्हती.

कडी पुढे बरेच दिवस वाजली. मग एका दुपारी मी हात धुऊन बाहेर जायला निघाले तर ती आधीच झोपलेली होती, दार सताड उघडं, उन्हाचा पट्टा तिच्या पायापर्यंत आलेला. मी किती वेळ तिथे उभी राहिले कोण जाणे. त्यानंतर कडी नुसती लटकत राहिली.

माझं लग्न ठरलं. मुलगा रेल्वेत, गोंदियाला. आता म्हातारपणी आम्ही परत इकडे, दुर्गला पद्मनाभपुरात, आलो आहोत, पण तेव्हा गोंदिया मला भोपाळइतकंच लांब वाटलं होतं. शेवटच्या दिवशी मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. लेकरांना काय सांगायचं? पण दाई सकाळपासून डोळे पुसत होती, आणि लेकरांना कळायला तेवढं पुरतं. ती पोरगी आता सहा वर्षांची होती, जुलैत शाळेत जाणार होती. चार वाजता आया येऊन एकेक लेकरू घेऊन गेल्या. तिच्या आईला उशीर होता. मी पिशवी उचलली तशी तिनं माझा हात धरला.

मला आत नेलं. चटईवर बसवलं, मग खांदा दाबून आडवं केलं. "सुत जा," म्हणाली. मी हसले. ती हसली नाही. ती बाहेर गेली, दोन्ही हातांनी दार ओढलं, आणि पायांच्या टाचा उंचावून, मला फटीतून दिसत होतं, कडी खण्णकन पाडली.

मी इतके दिवस ती कडी बाहेरून लावली होती. आतून ती कशी ऐकू येते ते मला पहिल्यांदा कळलं.

"रोबे झन," ती बाहेरून म्हणाली. "संझा आहूं."

स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं. मी गेले नाही. पंखा टक टक करत होता, कारखान्याचा आवाज लांबून येत होता, आणि मी चटईत तोंड घालून, तिनं नको सांगितलेलं तेच करत पडून राहिले. केव्हा झोप लागली कळलं नाही.

कडी वाजली तेव्हा आकाश तांबडं झालं होतं. दारात ती, मागे तिची आई, केसांत सिमेंट.

"देख," ती म्हणाली, "आ गेंव."

मी उठले, पिशवी घेतली, तिच्या केसांवरून हात फिरवला. रोज म्हणायचे ते शब्द त्या दिवशी मी म्हटले नाहीत. तिनं माझ्या तोंडाकडे पाहत बराच वेळ वाट पाहिली.